विश्लेषण : मालकांच्या दिवाणखान्यातील ‘क्वाड्रिल’ गुलामांच्या वंशजांचा वारसा कसा बनला?

चार जोडपी, चौकोनी मांडणी, व्हायोलिनचे सूर आणि ठरावीक क्रमाने होणाऱ्या हालचाली. ‘क्वाड्रिल’ हा एकोणिसाव्या शतकातील युरोपीय उच्चभ्रूंचा नाच. पॅरिस आणि लंडनच्या दिवाणखान्यांतून तो कधीच हद्दपार झाला. मात्र जमैका, सेंट लुसिया, डॉमिनिका, मार्टिनिक, कॅरिआकू अशा कॅरिबियन बेटांवर तो आजही नाचला जातो, आणि नाचणारे आहेत आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे वंशज. अमेरिकेत तर या नाचाला आजचे रूप देण्यात कृष्णवर्णीय वादकांचा मोठा वाटा होता. तरीही तिथे ‘स्क्वेअर डान्स’ म्हटले की गोऱ्या काउबॉयचेच चित्र डोळ्यांसमोर येते. मालकांचा नाच गुलामांनी का उचलला, त्याचे काय केले आणि त्याचे श्रेय कोणाला मिळाले, याचा हा आढावा.

क्वाड्रिल म्हणजे नेमके काय?

या नाचाचा प्रवास इंग्लंडमधील ग्रामीण ‘कंट्री डान्स’पासून सुरू होतो. हा नाच फ्रान्समध्ये गेला आणि तिथे त्याचे ‘काँत्रदान्स’ झाले. त्यातूनच चार जोडप्यांनी चौकोन करून नाचण्याचा ‘कोटिलियन’ आणि पुढे ‘क्वाड्रिल’ हे प्रकार तयार झाले. ‘क्वाड्रिल’ या शब्दाचे मूळ घोडेस्वारांच्या लहान तुकडीसाठी वापरल्या जाणाऱ्या स्पॅनिश आणि इटालियन शब्दांत आहे. १८१५ च्या सुमारास लेडी जर्सी यांनी तो पॅरिसहून लंडनच्या ‘अल्मॅक्स’ या प्रतिष्ठित क्लबमध्ये आणला आणि बघता बघता तो युरोपभर पसरला.

क्वाड्रिल हा एक सलग नाच नसून तो पाच भागांचा संच असतो. प्रत्येक भागाला ‘फिगर’ म्हणतात. मूळ फ्रेंच संचात या भागांना ‘पांतालाँ’, ‘एते’, ‘पूल’, ‘पास्तुरेल’ आणि ‘फिनाल’ अशी नावे होती. समोरासमोरची जोडपी पुढे येतात, मागे जातात, जागा बदलतात, जोडीदार बदलतात आणि पुन्हा आपल्या ठिकाणी परततात. प्रत्येक भागाची चाल वेगळी. त्या काळी हा नाच शिकण्यासाठी शिक्षक ठेवावा लागे. म्हणजे क्वाड्रिल येणे ही खानदानी असल्याची, पैसा असल्याची खूण होती.

हा नाच गुलामांपर्यंत पोहोचला कसा?

युरोपीय मळेवाल्यांनी साखर, कापूस आणि कॉफीच्या मळ्यांवर राबण्यासाठी लाखो आफ्रिकी लोकांना कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत आणले. या लोकांचे स्वतःचे नाच होते, ढोल होते. मालकांना त्यांचीच भीती वाटत असे. १७३९ मध्ये दक्षिण कॅरोलायनात स्टोनो येथे गुलामांचे बंड झाले. त्यानंतर १७४० मध्ये तिथे केलेल्या कायद्याने गुलामांना ढोल आणि शिंगे वाजवण्यास मनाई केली. ढोलाच्या आवाजाने गुलाम एकमेकांना इशारे देतील, अशी ही धास्ती होती.

ढोलावर बंदी आली, तरी व्हायोलिनला मात्र मुभा होती. पश्चिम आफ्रिकेत तंतुवाद्यांची जुनी परंपरा असल्याने तारेवर गज फिरवणे अनेकांना नवे नव्हते. मार्टिनिकमध्ये राहिलेले फ्रेंच धर्मगुरू झाँ-बाप्तिस्त लाबा यांनी १७२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात गुलामांच्या ‘कालेंदा’ या नाचाला अश्लील ठरवले. तो नाच विसरायला लावण्यासाठी गुलामांना मिनुएटसारखे फ्रेंच नाच शिकवले गेल्याचीही नोंद त्यांनी केली आहे.

पण सारेच काही लादलेले नव्हते. मालकाच्या घरात वाढप करणारे, दारात उभे राहणारे, वाद्ये वाजवणारे गुलाम हे नाच रोज पाहत होते. सुट्टीच्या दिवशी आपल्या वस्तीत ते त्याची नक्कल करत. त्या नकलेत कौतुक होते आणि चेष्टाही होती. पुढे अमेरिकेत गाजलेल्या ‘केकवॉक’ या नाचाच्या जन्माची कथाही मालकांच्या ऐटीची टिंगल करण्याशीच जोडली जाते.

वादक कृष्णवर्णीय, नाचणारे गोरे, हे कसे?

अमेरिकेच्या दक्षिणेत मळ्यांवरील मेजवान्यांत व्हायोलिन वाजवणारा बहुधा गुलामच असे. चांगल्या वादकाला मालक आजूबाजूच्या मळ्यांवर भाड्याने पाठवत. सॉलोमन नॉर्थप यांची कहाणी या व्यवस्थेचे दोन्ही चेहरे दाखवते. न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र नागरिक म्हणून जन्मलेले नॉर्थप व्हायोलिन वाजवत. १८४१ मध्ये दोन जणांनी त्यांना सर्कशीत वाजवण्याचे काम देण्याचे आमिष दाखवले आणि पळवून नेऊन गुलाम म्हणून विकले. म्हणजे ते ज्या सापळ्यात अडकले त्याचे आमिषच व्हायोलिन होते. पुढे लुईझियानातील मळ्यांवर त्याच व्हायोलिनने त्यांना आधार दिला. नाचांसाठी वाजवायला नेले की शेतातील काम काही दिवस तरी चुकत असे. १८५३ मध्ये सुटका झाल्यावर त्यांनी ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यावरील चित्रपटाला २०१४ मध्ये ऑस्कर मिळाले.

उत्तरेकडे चित्र थोडे वेगळे होते. फिलाडेल्फियात १७९२ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस ऊर्फ फ्रँक जॉन्सन हे स्वतंत्र कृष्णवर्णीय बँडप्रमुख होते. त्यांचा कोटिलियनच्या चालींचा संग्रह १८१८ मध्ये छापला गेला. कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकाराच्या सर्वांत आधी छापल्या गेलेल्या रचनांमध्ये त्याची गणना होते. श्रीमंत गोऱ्यांच्या नाचसमारंभांत त्यांच्या बँडला मागणी असे. १८३७-३८ मध्ये हा बँड इंग्लंडच्या दौऱ्यावरही जाऊन आला. गोऱ्यांच्या नाचासाठी चाली रचणाऱ्या याच जॉन्सन यांनी हैतीच्या स्वातंत्र्याला मान्यता मिळाल्याप्रीत्यर्थही एक कूचगीत रचले. हैती हा गुलामांनी बंड करून मिळवलेला देश होता, हे लक्षात घेतले की या रचनेचे महत्त्व कळते.

नाचताना पुकारा करण्याची पद्धत कुठून आली?

अमेरिकी स्क्वेअर डान्समध्ये एक जण उभा राहून पुढची हालचाल मोठ्याने सांगत असतो. त्याला ‘कॉलर’ म्हणतात. लेझीम पथकात एक जण शिट्टी वाजवून चाल बदलायला सांगतो, तसेच हे काम. मात्र युरोपातील क्वाड्रिलमध्ये अशी पद्धत नव्हती. तिथे नाचणाऱ्यांनी सगळे भाग आधीच पाठ केलेले असत.

नृत्य-इतिहासकार फिल जेमिसन यांनी ‘हो-डाउन्स, रील्स अँड फ्रॉलिक्स’ या २०१५ मधील पुस्तकात या प्रश्नाचा माग काढला आहे. पुकारा करण्याची पद्धत कृष्णवर्णीय वादकांनी सुरू केली, असा त्यांचा निष्कर्ष. अशा सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक १८१९ मधील न्यू ऑर्लीन्सचे आहे. वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी तेथील एका नाचसमारंभात सज्जात उभा राहून खंजिरी वाजवणारा आणि मोठ्या आवाजात पुढची फिगर सांगणारा एक उंच कृष्णवर्णीय वादक पाहिला. लॅट्रोब यांना तो आवाज मुळीच आवडला नव्हता. पण त्यांच्या नापसंतीमुळेच ही नोंद उरली.

ही पद्धत रुजण्याचे कारण सोपे आहे. गुलामांना नृत्यशिक्षक परवडणे शक्यच नव्हते. कोणी सांगत असेल तर नाच पाठ करण्याची गरज उरत नाही. शिवाय एकाने हाक द्यायची आणि इतरांनी प्रतिसाद द्यायचा, ही आफ्रिकी गाण्याची जुनीच रीत होती. पुढे गोऱ्या शेतकऱ्यांनीही ती उचलली. शिक्षकाकडे न गेलेल्या कोणालाही पुकाऱ्यामुळे नाचात उतरता येऊ लागले. श्रीमंतांचा नाच सर्वांचा झाला तो असा.

बेटागणिक रूप कसे बदलले?

ब्रिटिश वसाहतींत १८३८ मध्ये, फ्रेंच आणि डॅनिश वसाहतींत १८४८ मध्ये गुलामगिरी संपली. त्यानंतर क्वाड्रिल गावोगावच्या लग्नांत, सणांत आणि शनिवारच्या मेळाव्यांत शिरला.

जमैकात त्याच्या दोन शैली आहेत. ‘बॉलरूम’ शैलीत चार जोडप्यांचा चौकोन आणि युरोपीय अदब दिसते. ‘कॅम्प’ शैलीत स्त्री-पुरुषांच्या दोन समोरासमोरच्या रांगा असतात आणि कंबर, गुडघे मोकळे सुटतात. शेवटच्या भागात बँजो, गिटार आणि ‘रुंबा बॉक्स’ या खोकेवजा वाद्यावर ‘मेंटो’ची चाल सुरू होते. डॉमिनिकात साथीला ‘जिंग पिंग’ हा ताफा असतो. त्यात अकॉर्डियन, खंजिरी, पत्र्याचे खरखरणारे वाद्य आणि फुंकून खर्जाचा आवाज काढायची पोकळ नळी असते. सेंट लुसियात या नाचाला ‘क्वाद्रिल’ म्हणतात. तिथे व्हायोलिन, बँजो, चार तारांचे ‘क्वात्रो’ आणि खुळखुळ्यांवर तो रंगतो.

ग्वादलूपमध्ये ‘कोमांदर’ म्हणजे पुकारा करणारा माणूस क्रिओल आणि फ्रेंचच्या मिश्रणात, जवळपास गाण्याच्या लयीत आज्ञा देतो. मार्टिनिकमध्ये तर या मिश्रणाने पुढची पायरी गाठली. तेथील ‘बेले’ नाचात व्हायोलिन नाही, अकॉर्डियन नाही. आडव्या ढोलावर वादक स्वार होतो, दुसरा काठ्यांनी ठेका धरतो आणि गायकाच्या हाकेला समूह प्रतिसाद देतो. सारे आफ्रिकी वाटते. पण नाचणारी मात्र चारच जोडपी असतात आणि त्यांची मांडणी चौकोनी असते. क्वाड्रिलचा सांगाडा तेवढा राहिला, बाकी सगळे बदलले.

नाचामागे धर्म दडला होता का?

काही बेटांवर निश्चितच होता. माँटसेराटमध्ये ‘जंबी डान्स’ हा विधी होता. ‘जंबी’ म्हणजे मृतांचे आत्मे. घरात कोणी आजारी असेल, संकट असेल किंवा लग्नकार्य असेल तर पूर्वजांना बोलावण्यासाठी हा नाच ठेवला जाई. त्यात नाचले जायचे ते क्वाड्रिलच. एकामागून एक संच, दर संचागणिक ताल वाढत जायचा आणि अखेर कोणाच्या तरी अंगात यायचे. त्या व्यक्तीच्या तोंडून पूर्वज बोलतात, अशी श्रद्धा होती. बाहेरून पाहणाऱ्या पाद्र्याला किंवा अधिकाऱ्याला मात्र हा युरोपीय धाटणीचा सभ्य नाचच दिसे.

टोबॅगोमध्ये असेच काम ‘रील’ हा नाच करत असे. व्हायोलिन, त्रिकोणी धातूचे वाद्य आणि ‘तांब्रिन’ नावाच्या खंजिऱ्यांच्या साथीने होणाऱ्या या नाचात लग्नाआधी पूर्वजांचा कौल घेतला जाई.

क्युबातील ‘तुंबा फ्रान्सेसा’ची कथा आणखी वेगळी. १७९१ मध्ये सेंट-डोमिंग (आजचे हैती) येथे गुलामांनी उठाव केला. तेव्हा अनेक फ्रेंच मळेवाले आपल्या गुलामांना घेऊन पूर्व क्युबात पळाले. या गुलामांच्या वंशजांनी परस्पर मदतीची मंडळे काढली. त्यांच्या मेळाव्यांत ‘मासोन’ हा फ्रेंच दिवाणखान्यातील नाचाची आठवण देणारा नाच आफ्रिकी ढोलांवर होतो. युनेस्कोने २००३ मध्ये या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाची उत्कृष्ट कलाकृती म्हणून घोषित केले आणि २००८ मध्ये तिचा समावेश जागतिक यादीत झाला.

या पोशाखाचा भारताशी काय संबंध?

क्वाड्रिलच्या कार्यक्रमाचे छायाचित्र पाहिले तर स्त्रियांच्या घागऱ्यावर आणि डोक्याला बांधलेल्या रुमालावर लाल-पिवळ्या चौकड्यांचे कापड हमखास दिसते. या कापडाला सेंट लुसिया, डॉमिनिका, मार्टिनिक आणि ग्वादलूपमध्ये ‘मद्रास’ म्हणतात. अठराव्या शतकात कोरोमांडल किनाऱ्यावर हातमागावर विणलेले चौकड्यांचे रुमाल ब्रिटिश आणि फ्रेंच व्यापारी पश्चिम आफ्रिकेत आणि कॅरिबियनमध्ये विकत. जमैकात याच कापडाला ‘बंडाना’ म्हणतात आणि तेथील राष्ट्रीय पोशाख त्याचाच असतो. ‘बंडाना’ हा शब्द बांधणे या अर्थाच्या हिंदी शब्दावरून आला, म्हणजे आपल्या ‘बांधणी’चा तो भाऊच.

या रुमालामागेही सक्तीचा इतिहास आहे. १७८६ मध्ये लुईझियानाचे स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो यांनी कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांना केस झाकण्याचा आदेश दिला. त्यांच्या केशरचना गोऱ्या स्त्रियांपेक्षा उठून दिसू नयेत, हा हेतू. या स्त्रियांनी मग रंगीत रुमाल अशा ऐटीत बांधले की तीच फॅशन झाली. क्वाड्रिलबाबत जे घडले तेच या कापडाबाबतही घडले.

जॅझशी याचे नाते कोणते?

हैतीतील उठावानंतर क्युबात गेलेल्यांना १८०९ मध्ये तिथूनही निघावे लागले. त्यातील सुमारे ९,००० जण न्यू ऑर्लीन्समध्ये आले. शहराची लोकसंख्या जवळपास दुप्पट झाली. त्या शहरात नाच हा किती गंभीर विषय होता याचे उदाहरण त्याआधीच घडले होते. फ्रान्सने लुईझियाना अमेरिकेला विकल्यानंतर, १८०४ च्या जानेवारीत फ्रेंच पद्धतीचा नाच आधी की इंग्रजी पद्धतीचा, यावरून सार्वजनिक समारंभात हाणामारीची वेळ आली. गव्हर्नर क्लेबोर्न यांना त्याचा अहवाल थेट परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांना पाठवावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच शहरातील कृष्णवर्णीय बँड वॉल्ट्झ, मझुर्का आणि क्वाड्रिल वाजवत. त्याच वादकांच्या हातून जॅझ घडले. पियानोवादक जेली रोल मॉर्टन यांनी १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी ॲलन लोमॅक्स यांच्याकडे केलेल्या ध्वनिमुद्रणात ‘टायगर रॅग’ ही गाजलेली जॅझरचना जुन्या क्वाड्रिलच्या भागांतून कशी तयार झाली, हे वाजवून दाखवले. या रूपांतराचे श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतले. इतिहासकारांना तो दावा मान्य नाही. पण सुरुवातीचे जॅझ वादक क्वाड्रिल वाजवत मोठे झाले, याबद्दल वाद नाही. क्युबात याच कुळातील काँत्रदान्सपासून ‘दान्सोन’ तयार झाला. मिगेल फाइल्दे यांनी १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरात सादर केलेली रचना पहिला दान्सोन मानली जाते.

मग अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा वाटा विस्मरणात का गेला?

याची कारणे विसाव्या शतकात सापडतात. पहिले कारण आर्थिक आणि सामाजिक. दक्षिणेतील वंशभेद आणि गरिबीला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेच्या शहरांत गेले. तिथे जॅझ, ब्लूज होते. व्हायोलिनवरचा गावाकडचा नाच अनेकांना गुलामगिरीच्या दिवसांची आठवण वाटे. दुसरे कारण रेकॉर्ड कंपन्या. १९२० च्या दशकात त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी ‘हिलबिली’ अशी वेगळी यादी केली. ब्लूज एका खणात, व्हायोलिन दुसऱ्या खणात. त्यामुळे व्हायोलिन वाजवणाऱ्या कृष्णवर्णीयांचे ध्वनिमुद्रण फारच थोडे झाले. जे ध्वनिमुद्रित झाले नाही, ते नव्हतेच असे पुढच्या पिढ्यांना वाटू लागले.

तिसरे कारण मोटारउद्योजक हेन्री फोर्ड. जॅझमुळे तरुण बिघडतात, असे त्यांच्या वृत्तपत्राचे म्हणणे होते. उपाय म्हणून त्यांनी क्वाड्रिल आणि स्क्वेअर डान्स यांचे पुनरुज्जीवन हाती घेतले, शिक्षक नेमला आणि १९२६ मध्ये त्यावर ‘गुड मॉर्निंग’ हे पुस्तक काढले. ज्या जॅझविरुद्ध हे नाच उभे केले गेले, तेच जॅझ याच नाचांवर पोसले होते. पुढे अमेरिकी संसदेने १९८२ आणि १९८३ या दोन वर्षांसाठी स्क्वेअर डान्सला ‘राष्ट्रीय लोकनृत्य’ घोषित केले. तोपर्यंत त्याची गोरी प्रतिमा पक्की झाली होती.

ही प्रतिमा मोडण्याचे काम एका वृद्ध वादकामुळे सुरू झाले. उत्तर कॅरोलायनातील जो थॉम्पसन (१९१८-२०१२) हे कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबातील व्हायोलिनवादक. तरुणपणी ते गावच्या नाचांसाठी वाजवत. रायनन गिडेन्स आणि तिच्या दोन मित्रांनी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाऊन त्या चाली शिकून घेतल्या आणि ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा गट काढला. २०११ मध्ये या गटाला ग्रॅमी मिळाले. थॉम्पसन यांच्याकडे तोवर कोणी गेले नसते, तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या त्या चाली त्यांच्याबरोबरच संपल्या असत्या.

क्वाड्रिल ही वसाहतवादाची खूण की स्वतःचा वारसा?

हा वाद कॅरिबियनमध्ये अनेक वर्षे रंगला. जमैका १९६२ मध्ये, ग्रेनाडा १९७४ मध्ये, डॉमिनिका १९७८ मध्ये आणि सेंट लुसिया १९७९ मध्ये स्वतंत्र झाला. नव्या देशांनी आपली ओळख शोधताना आफ्रिकी ढोल आणि गाणी पुढे आणली. क्वाड्रिलकडे मात्र संशयाने पाहिले गेले. मालकांची नक्कल ती आपली संस्कृती कशी, हा प्रश्न चुकीचा नव्हता. सेंट लुसियात क्वाद्रिलच्या संध्याकाळी म्हणजे अदब, नीटनेटके कपडे आणि पावलांवर ताबा. आपण ‘सभ्य’ आहोत हे दाखवण्याचे ते साधन होते, आणि सभ्यतेची ती मोजपट्टी वसाहतकाळातून आलेली होती.

दुसरी बाजूही तितकीच भक्कम आहे. कोणी पाहत नसताना, स्वतःच्या वस्तीत, स्वतःच्या लग्नांत पाच-सहा पिढ्यांनी हा नाच जपला. त्याला स्वतःची भाषा, वाद्ये आणि देव दिले. अशा गोष्टीला नक्कल म्हणता येत नाही, असे क्वाड्रिलचा अभ्यास करणारे अनेक जण मानतात. आज कॅरिबियनमध्ये दुसरे मत वरचढ ठरले आहे. जमैकातील सांस्कृतिक विकास आयोगाच्या वार्षिक महोत्सवात शाळांचे आणि गावांचे संघ क्वाड्रिलच्या स्पर्धेत उतरतात. डॉमिनिकाच्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यांत त्याला मानाचे स्थान आहे.

गोव्यातील मांडो या नाचाशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकात गोव्यातील ख्रिस्ती भाटकारांच्या प्रशस्त दिवाणखान्यांत स्त्री-पुरुष समोरासमोर रांगा करून, हातात पंखा आणि रुमाल घेऊन मांडो नाचत. मांडणी युरोपीय, शब्द कोकणी, साथीला व्हायोलिन आणि घुमट. वसाहतीच्या काळात परका नाच आपलासा करण्याची प्रक्रिया दोन्हीकडे सारखीच. मात्र गोव्यात ती वरच्या वर्गाच्या घरात घडली, तर कॅरिबियनमध्ये ज्यांच्या मालकीचे काहीच नव्हते अशा माणसांच्या झोपड्यांत.

सध्याची स्थिती काय?

महोत्सव आहेत, पण रोजच्या जगण्यातून क्वाड्रिल मागे पडला आहे. स्पर्धेसाठी नाच शिकवता येतो. त्यासाठी वाजवणारा व्हायोलिनवादक तयार व्हायला मात्र अनेक वर्षे लागतात. ध्वनिमुद्रित संगीतावर नाचणारे संघ त्यामुळे वाढले. कॅरिआकू बेटावरील लेस्टेर हे गाव क्वाड्रिलसाठी ओळखले जाते. तेथील कॅन्यूट कॅलिस्ट (१९१४-२००५) हे चित्रकार म्हणून जगभर गाजले. पण गावासाठी ते आधी क्वाड्रिल वाजवणारे व्हायोलिनवादक होते. त्यांच्या चित्रांत हे नाच उरले आहेत. असे वादक गेले की चालीही जातात, कारण त्या बहुतेक कागदावर नसतातच.

निसर्ग आणि अपघातांनीही घाव घातले. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने माँटसेराटची राजधानी प्लिमथ गाडली गेली आणि बहुसंख्य रहिवाशांना बेट सोडावे लागले. सेंट लुसियात १९७३ पासून लोककलांची नोंद करणाऱ्या फोक रिसर्च सेंटरची इमारत २०१८ मध्ये आगीत जळाली. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ चक्रीवादळ कॅरिआकूवर धडकले आणि बेटावरील बहुतांश घरांचे नुकसान झाले.

मात्र माणसे बेट सोडून जातात तेव्हा नाचही त्यांच्याबरोबर जातो. १९४८ पासून ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या कॅरिबियन कुटुंबांतील ज्येष्ठांनी तेथील सामुदायिक सभागृहांत क्वाड्रिलचे गट चालवले. लंडनच्या क्लबांतून गेलेला नाच दीडशे वर्षांनी त्याच देशात परतला, तो चौकड्यांचे मद्रास कापड लेवून. लेडी जर्सींच्या लंडनला त्यातील पाच भाग ओळखू आले असते. बाकी काही नाही. गुलामगिरीच्या काळात ढोल काढून घेतला गेला, भाषा गेली, नावे बदलली. ज्यांच्या हाती फक्त मालकाचा नाच उरला, त्यांनी त्यातच स्वतःचे घर बांधले. आता ते घर राखायचे तर पाय थिरकवणारी मुले पुरेशी नाहीत. व्हायोलिन हाती घेणारी आणि पुकारा देणारी मुलेही लागतील.